हाकेला कोण येतं

आमच्या ओट्याच्या खांबाला खिळ्यावर एक जर्मनची थाळी टांगलेली आहे आणि तिच्यामागे लाकडी डाव खोचलेला आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घासून वाळत घातली असेल. "वाजवायची आहे ती," प्रदीप म्हणाला. आमच्या आळीची ही जुनी रीत. पाण्यात उतरलेल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, थाळी वाजवायची. जाळं टाकायला गेलेला असो नाहीतर म्हशी धुवायला, आपल्या घरची थाळी वाजली की तो ओळखतो आणि वर येतो. का, असं विचारलं तर प्रदीप म्हणाला, "पाण्यावरून थाळीचा आवाज लांब जातो." कारण सोपं होतं, मला पटलं आणि मी पुढे विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला एक पटण्यासारखं कारण दिलं की तो गप्प बसतो, हे मी स्वतःवरून सांगते.

मी ज्योत्स्ना, माहेरची लोणावळ्याची. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत कंपायलरवर काम करते, आणि करते ते घरातूनच. पवनानगरच्या थोडं अलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून आमचं घर. नवरा प्रदीप तळेगावच्या एका कारखान्यात. सासूबाई भामाबाई, त्यांना मी आत्या म्हणते. आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा, प्रज्ञेश.

हे नाव मी ठेवलेलं नाही. प्रदीपच्या धाकट्या भावाचं नाव प्रज्ञेश होतं. बारावीच्या सुट्टीत अडकलेलं जाळं सोडवायला तो पाण्यात उतरला आणि वर आला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला. पुढचं सगळं रीतसर झालं, भंतेजी आले, पुण्यानुमोदन झालं. फक्त आत्यांनी त्या दिवसापासून ते नाव तोंडातून काढलं नाही. माझ्या मुलाला पाळण्यात घातलं तेव्हा आम्ही चार नावं काढून ठेवली होती. आत्या पुढे आल्या, पाळण्यावर वाकल्या आणि कुणाला न विचारता मोठ्याने म्हणाल्या, "प्रज्ञेश." मला राग आला होता, नाही कशाला म्हणू. मुलगा माझा, नाव माझ्या आवडीचं नको? पण इतकी वर्षं गिळलेलं नाव तोंडातून निघाल्यावर त्या बाईचा चेहरा जो झाला, तो बघून मी गप्प बसले. मला त्यांची मायाच आली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आत्या ओट्यावर येऊन खांब धरून हाक मारायच्या, "प्रज्ञेऽऽश!" आमचा मुलगा बहुतेक शेजारच्या कोंडाजीभाऊंच्या तंबूंपाशी असायचा. पुण्यामुंबईची माणसं घरच्या गाद्या सोडून तिथे जमिनीवर झोपायला येतात, आणि त्यांची कुत्री, त्यांचे स्पीकर, त्यांची शेकोटी हे सगळं त्याला शाळेपेक्षा प्रिय. तो तिकडूनच ओरडायचा, "आलो गं आजी!" आणि त्यानंतर अर्ध्या तासाने यायचा. आत्यांना चालायचं. त्यांना हाकेला ओ मिळाली की पुरे होतं.

माझं काम सांगायला गेलं की लोक चहाचं विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. यंत्राने काय करायचं ते माणूस एका भाषेत लिहितो. ते वाचून यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. वाचताना तो त्या मजकुराचं एक झाड करतो: मोठ्या फांदीला लहान फांद्या, त्यांना आणखी लहान. प्रत्येक फांदीला एक तक्ता टांगलेला असतो, त्याला आम्ही सिम्बॉल टेबल म्हणतो. या फांदीवर कोणती नावं आहेत आणि कोणतं नाव म्हणजे काय, ते त्यात असतं. एखादं नाव समोर आलं की कंपायलर आधी आपल्याच फांदीच्या तक्त्यात बघतो. तिथे मिळालं तर विषय संपला. नाही मिळालं तर एक फांदी बाहेर जातो, मग आणखी बाहेर. फांदीचं काम संपलं तरी आमच्या कंपायलरमध्ये तिचा तक्ता फेकत नाहीत. पुढे लागेल म्हणून तो झाडाला तसाच राहू देतात.

सगळीकडे शोधूनही नाव मिळालं नाही तर कंपायलर आरडाओरडा करतो, आणि ते बरंच असतं. भीती वेगळ्याची असते. आतलं नाव कुणी काढलं आणि तेच नाव बाहेर आधीपासून असलं, तर तो ओरडत नाही. त्याला नाव सापडलेलं असतं. तो मुकाट्याने बाहेरच्याला आतल्याच्या जागी बसवतो आणि पुढे चालू लागतो. त्या उन्हाळ्यात आमच्या एका गिऱ्हाइकाकडे असंच झालं. बाटल्या भरणाऱ्या यंत्राची आतली 'गती' कुणीतरी पुसली. बाहेर जुनी 'गती' पडून होती, यंत्राने ती उचलली. चूक कुठेच दिसली नाही, फक्त बाटल्या फुटायला लागल्या. अशा वेळी कंपायलरने निदान विचारावं की हे नाव बाहेरचं आहे, तुम्हाला हेच हवंय ना? तो इशारा लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी वैतागून ते करत होते.

त्याच मे महिन्यात मी प्रज्ञेशला पोहायला शिकायला लोणावळ्याला आईकडे पाठवायचं ठरवलं. पाण्याच्या काठावर राहायचं आणि पोराला पोहता येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं. आत्यांना ते पटलं नाही. "पवनारेच बुडत्यात," म्हणाल्या. मी म्हटलं, "न पोहणारे तर जास्तच बुडतात." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. प्रदीपने नेहमीप्रमाणे दोघींनाही तुमचंच बरोबर आहे असं सांगितलं, आणि मुलगा जीपमध्ये बसून कामशेतच्या रस्त्याला लागला.

त्या संध्याकाळी आत्या सवयीने ओट्यावर आल्या आणि हाक मारून बसल्या. मी आत लॅपटॉपवर होते. मला हसू आलं, म्हटलं, आता स्वतःच जीभ चावतील. तेवढ्यात पाण्याच्या बाजूने आवाज आला.

"आलो गंऽऽ."

मी बाहेर आले. आत्या खांब धरून उभ्या होत्या. सूर्य तुंगच्या किल्ल्यामागे गेला होता, पाणी उन्हाळ्याने आटून खूप खाली सरकलं होतं आणि मधल्या उघड्या पडलेल्या मातीवर कुणीही नव्हतं.

"कोण बोललं, आत्या?"

"कोन न्हाई," त्या म्हणाल्या. "कोंडाजीच्या हितली पोरं आसत्याल."

शुक्रवार नव्हता, शनिवार नव्हता. कोंडाजीभाऊंचे तंबू रिकामे होते. पण मीच मनाशी म्हटलं, असेल कुणीतरी, आणि आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी ती सवयीची नव्हती. त्या दुपारपासून वाट बघत होत्या हे मला दिसत होतं. उत्तर आलं ते पाण्यातून नाही, पाण्याच्या आणि घराच्या मधल्या बाभळीखालून आलं. आणि नीट ऐकू आलं.

"आलो गं आये."

माझा मुलगा त्यांना आजी म्हणतो. आणि हा आवाज लहान मुलाचा नव्हता, फुटलेला, तरण्या पोराचा होता.

रविवारी प्रदीप घरी होता. त्याला मी काहीच सांगितलं नाही, मुद्दाम ओट्यावर चहा दिला आणि शेजारी बसले. आत्यांनी हाक मारली. उत्तर आलं तेव्हा प्रदीपच्या हातातली बशी कलंडली आणि चहा त्याच्या पायावर सांडला. त्याला ते कळलंही नाही.

"तो असंच म्हणायचा," तो हळूच बोलला. "मी आई म्हणायचो. तो आये."

मग तो उठला, चप्पल घातली आणि बाभळीकडे गेला. अजून चांगलाच उजेड होता. मीही मागून गेले. मे महिन्यातली ती माती, भेगा पडलेली. बाभळीखाली तेवढी ओली होती, कुणी निथळत उभं राहिल्यावर होते तशी. प्रदीपने ती हाताने चाचपली, हात पँटला पुसला आणि म्हणाला, "कुणीतरी चेष्टा करतंय." माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

मी भित्री नाही. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस भीतीपेक्षा मला गुंता सोडवल्यासारखं वाटत होतं. आतल्या फांदीवरचं नाव मी काढून लोणावळ्याला पाठवलं होतं. आत्या त्याच जागेवरून तीच हाक मारत होत्या. आत कुणी नव्हतं म्हणून हाक बाहेर गेली, आणखी बाहेर गेली, आणि ज्याचा तक्ता कुणी फेकला नव्हता त्याच्यापर्यंत पोचली. इतकं चोख होतं ते सगळं की मला त्याचं कौतुक वाटलं. आपला मुलगा परत आला की आतलं नाव जागेवर येईल आणि बाहेरचं आपोआप झाकलं जाईल, असा मी हिशेब केला आणि निवांत झाले.

मग आईचा लोणावळ्याहून फोन आला.

माझी आई रेणुका, निवृत्त शिक्षिका, घाबरायचा तिचा स्वभाव नाही. "अगं, याला हाक ऐकू येत नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं ऐकतो. जेवायला चल म्हटलं की धावत येतो. नावाने बोलावलं की मान वर करत नाही. काल तलावावर सर ओरडत होते, प्रज्ञेश मागे फिर, प्रज्ञेश मागे फिर, आणि हा सरळ खोल बाजूला चाललेला. शेवटी सरांनी उडी मारून धरला."

मी मिळेल ती बस पकडून गेले. तो हॉलमध्ये जमिनीवर पालथा पडून गाड्या खेळत होता. मी दारातूनच हाक मारली, "प्रज्ञेश." तो खेळत राहिला. आणखी जवळ जाऊन म्हटलं. पाठीशी बसून कानात म्हटलं. काही नाही. मग पुटपुटल्यासारखं म्हटलं, "चिक्की आणलीय," तर गर्रकन वळला आणि "मम्मी!" म्हणत माझ्या गळ्यात पडला. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं.

रिक्षात बसल्यावर मी त्याला विचारलं, "तुझं नाव काय रे?"

तो हसला. मग थांबला. मग म्हणाला, "प्रज्ञेश ना?"

ते 'ना' ऐकलं आणि मी त्याला ओढून मांडीवर घेतलं. बाटल्यांच्या यंत्रात नाव मुळात कुणाकडे गेलं एवढाच प्रश्न होता. इथे ज्याच्याकडून गेलं तो माझ्या मांडीवर बसून चिक्की खात होता. आत्यांच्या प्रत्येक हाकेसरशी माझ्या पोराचं नाव त्याच्यापासून सुटत चाललं होतं, आणि नाव सुटलेलं पोर खोल पाण्याकडे जात होतं. मी त्याला तिथूनच घरी आणलं.

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मुलाला आत पाठवून मी त्यांच्यासमोर बसले.

"आत्या, आजपासून ती हाक मारायची नाही."

"मी नातवालाच मारती."

"नातू इथे नव्हता. कोण येतंय ते तुम्हाला माहितेय."

त्यांचा हात सुपात थांबला. "पयल्या दिशी पान्यातनं वरडला," त्या म्हणाल्या. "मग बाभळीखाली आला. काल हितं पायरीवर हुता, मला वल्या आंगाचा वास आला त्येच्या. माझं लेकरू हाय, ज्योत्स्ना. येवढ्या लांबनं आलंय. आता म्हनू त्येला, जा माघारी?"

"आणि माझं लेकरू?"

"त्येला काय झालं?"

मी सांगितलं. तलाव, सर, रिक्षा, सगळं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांच्याशी भांडायला आले होते आणि माझ्यासमोर त्या म्हाताऱ्या होत गेल्या. त्यांनी पदर तोंडावर धरला. आतून माझ्या मुलाच्या हसण्याचा आवाज येत होता.

"न्हाई मारनार," शेवटी त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी शब्द पाळला. दिवेलागणीला त्या ओट्यावर यायच्या, खांब धरायच्या, ओठ हलायचे आणि आवाज न काढता त्या आत जायच्या. सगळ्यात खालची पायरी तेवढी रोज ओली असायची. मी ती पुसून घ्यायचे. मला त्यांची दया यायची आणि तरी मी त्यांच्याजवळ गेले नाही, कारण दया दाखवली तर त्या पुन्हा हाक मारतील अशी भीती वाटत होती.

पण हाक थांबून उपयोग झाला नाही. नाव त्याच्याकडे परत आलं नाही. प्रज्ञेश म्हटलं की माझा मुलगा तसाच बसून राहायचा. तेव्हा मी आमच्या धंद्यातला दुसरा उपाय काढला: दोन नावं भांडत असतील तर आतल्याचं नाव बदला.

"तुला नवीन नाव हवं का?" मी त्याला विचारलं.

त्याने एक क्षणही विचार केला नाही. "संदेश." पोहण्याच्या वर्गात सगळ्यात उंचावरून उडी मारणारा मुलगा संदेश होता. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून हळूच म्हटलं, "संदेश." तो धावत आला. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

नाव बदलणं हे आमच्याकडे नाजूक काम असतं. जिथे जिथे जुनं नाव वापरलंय तिथे तिथे ते एकाच वेळी बदलावं लागतं. एखादी जागा राहिली तर एरवी कंपायलर ओरडून सांगतो की असं नाव नाही. पण तेच नाव बाहेर जिवंत असेल तर तो ओरडणार नाही. राहिलेली जागा मुकाट्याने बाहेरच्याला जाऊन मिळेल. म्हणून मी आळीत घरोघर फिरले. कोंडाजीभाऊंना सांगितलं, त्यांच्या तंबूवाल्या पोरांना सांगितलं, आईला बजावलं. शाळेच्या कागदावरचं नाव शाळा उघडली की बदलायचं ठरलं. लोकांनी नाकं मुरडली, पण ऐकलं. प्रदीप पहिले दिवस अडखळायचा, 'प्र' म्हणून थांबायचा. मी त्याच्याकडे अशी बघायचे की पुढे त्याने 'प्र'सुद्धा म्हटला नाही. आत्या पोराला नुसतं बाळा म्हणायच्या. मुलगा पुन्हा पहिल्यासारखा झाला, हाक मारली की अर्ध्या तासाने यायला लागला. मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. कंपनीतला इशाराही मी त्याच आठवड्यात लिहून संपवला.

सगळ्या जागा मी तपासल्या होत्या. एक सोडून, आणि ती माझ्याच गळ्यात होती.

रविवार होता. ऊन उतरल्यावर मुलाने हट्ट धरला की पोहून दाखवतो. प्रदीप बरोबर जाणार होता, काठाला पाणी कमरेएवढंच होतं, मी हो म्हटलं. शिकला होता तो, आणि मला ते बघायचं होतं. प्रदीप खडकावर टॉवेल घेऊन बसला. मी ओट्यावर उभी. आत्या माझ्यामागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाण्याकडे पाठ करून. संदेश इकडून तिकडे पोहला, मला हात केला, मी हात केला. मग त्याने नाक धरलं आणि खाली गेला.

पाणी सपाट झालं. मी वाट बघितली. प्रदीप फोनमध्ये बघत होता. पाणी सपाटच राहिलं. कुणाच्याही मुलाला करावासा वाटेल असा तो खेळ होता, श्वास धरून बसायचा, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला फक्त ते सपाट पाणी दिसलं. थाळी माझ्या हाताशी होती, खांबाला, हात लांब केला असता तर मिळाली असती. मी पाण्याकडे तोंड करून, नऊ वर्षं जे नाव घेऊन त्याला दूध पाजलं, झोपवलं, मारलं, त्या नावाने किंचाळले.

"प्रज्ञेऽऽश!"

आत्यांनी माझा हात धरला. उशीर झाला होता.

खालच्या पायरीवरून कुणीतरी उठलं. मला काही दिसलं नाही. पायरीवरचं पाणी हललं, मग तिच्यापुढच्या मातीवर एक ओला डाग पडला, मग त्याच्यापुढे आणखी एक. तो पायरीवर बसून होता, कुणीतरी बोलावेल म्हणून, आणि मी त्याला पाण्याकडे बोलावलं होतं. डाग पाण्यापर्यंत गेले.

त्याच क्षणी मुलाचं डोकं वर आलं. प्रदीप हसला आणि त्याने टॉवेल पुढे केला. मुलाने टॉवेल घेतला नाही. तो पाण्यातून निघाला आणि चढ चढून सरळ घराकडे आला, घाई न करता, इकडेतिकडे बघत, बाभळीपाशी क्षणभर थांबून. मी हात पसरून पायऱ्या उतरले. तो माझ्या हातांखालून पुढे गेला.

"आलो गं आये," तो आत्यांना म्हणाला.

आवाज माझ्या मुलाचाच होता, कोवळा. आत्यांचे दोन्ही हात त्याच्याकडे गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"संदेश!" मी म्हटलं. तो वळला नाही. मी त्याचे खांदे धरून गदागदा हलवलं, "संदेश, संदेश!" त्याने शहाण्या मुलासारखं माझ्याकडे बघितलं, अनोळखी बाईकडे बघतात तसं.

उत्तर मागून आलं. लांबून, पाण्यातून.

"आलो गं मम्मीऽऽ."

प्रदीप टॉवेलची घडी घालत चढ चढत होता. त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर कुठेही चूक दिसत नाही. कानाच्या डॉक्टरांना तो ठीक वाटला. नावाने हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देतो, म्हणून आई निवांत झाली. शाळा उघडली, कागदावर प्रज्ञेश होतं ते तसंच राहिलं, बाईंचं एक काम वाचलं. सुकट बघून जो नाक दाबायचा तो आता मागून घेतो. परवा कोंडाजीभाऊंचं फाटलेलं जाळं त्याने शिवून दिलं. "रगतात आसतंय," भाऊ म्हणाले. प्रदीपही आता ते जुनं नावच घेतो. मी एकदा त्याला सगळं सांगितलं. तो पोराकडे बघत म्हणाला, "ज्योत्स्ना, तू थोडी रजा घे." त्याच्या आवाजात भावाची भूक होती. मी त्याला दोष देत नाही. पण मला त्याचा राग येतो, आणि रात्रंदिवस येतो.

आता दिवेलागणीला ओट्यावर मी येते. खांब धरते आणि हाक मारते, "संदेऽऽश!" लोक म्हणतात, पोर घरात बसलंय आणि बाई बाहेर कुणाला बोलावते. म्हणू देत. पहिले कितीतरी दिवस उत्तर पाण्यातूनच यायचं, तेही बारीक. मी रोज मारत राहिले.

आत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहतात. सून म्हणून त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, आता माझ्या पाठीवर हात ठेवतात. "चुकवू नगंस," म्हणतात. "एक बी दिस चुकवू नगंस. माझा बी आसाच आला. हळूहळू यील."

काल उत्तर बाभळीखालून आलं. "आलो गं मम्मी." अगदी स्पष्ट. राहिलं ते बाभळीपासून पायरीपर्यंतचं अंतर.

"आत्या," मी विचारलं, "तो पायरीवर आला, की मग?"

आत दिव्याखाली मुलगा ताट घेऊन बसला होता. दोघींनीही तिकडे बघितलं. घरात पोर एकच होतं. आत्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढला नाही.

"आये," आतून आवाज आला, "भायेर कोन वरडतंय गं?"

"कोन न्हाई," आत्या म्हणाल्या. "कोंडाजीच्या हितली पोरं आसत्याल. जेव तू."

आणि मी पुन्हा हाक मारली.